पाहणीच्या दिवशी

वस्तीत सरकारी शाळा व्हावी म्हणून संस्थेच्या बाई आठ वर्षं अर्ज करत होत्या. दर वेळी एकच उत्तर यायचं: तिथे तुमच्या संस्थेचा वर्ग चालू आहे, सबब शाळेची गरज दिसत नाही. वर्ग म्हणजे पत्र्याची एक खोली, तीही चौथीपर्यंत. त्यापुढे पोरं थेट कामालाच लागायची.

म्हणून यंदा पाहणीचे साहेब येणार त्या दिवशी बाईंनी काळजावर दगड ठेवून खोलीला कुलूप लावलं आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानात, टांगलेल्या कपड्यांच्या आड जाऊन बसल्या. मुलांना सुट्टीची थाप मारणं मात्र त्यांच्याच्याने झालं नाही.

मुलं वेळेवर आली. कुलूप पाहिलं आणि पायरीपाशी रांगेत बसली. थोरलीने दारावरच खडूने गणित मांडलं.

शिंप्याने मशीन थांबवलं. "बाई, थोडं वाईट शिकवायला हवं होतं तुम्ही."

बाहेर जावं तर वर्ग चालू ठरणार, न जावं तरी तेच. बाई जागच्या हलल्या नाहीत.

साहेब आले. "बाई नाहीत, तरी बसलात?"

"त्यांना उशीर झाला की आम्हीच सुरू करतो," थोरली म्हणाली.

साहेबांनी खूश होऊन डोकी मोजली आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत कागदावर लिहिलं, "वर्ग उत्तम चालू. शिक्षिका गैरहजर."