थुंकलेलं परीक्षण

वाईट परीक्षण छापून आलं की नट ते फाडून तोंडात कोंबायचा, चावून त्याचा बोळा करायचा आणि पहिल्या घंटेला बेसिनमध्ये पचकन थुंकायचा. समीक्षकाची लायकीच तेवढी, म्हणायचा.

आज छापलं होतं, ‘हे गृहस्थ तोंडात बोळा धरल्यासारखे बोलतात.’ तेही थुंकून झालं. शाई, लाळ, गिळगिळीत लगदा. शी!

“दादा, पुरे करा ते चावणं. मळमळतंय मला,” रंगभूषाकार वैतागला.

“थुंकलो की केव्हाच!” नटानं आ करून दाखवला. तोंड रिकामं होतं.

मचमच चालूच होती. बेसिनमधून.

तिसरी घंटा झाली तशी ती थांबली. बेसिनमध्ये घसा खाकरून कुणीतरी नटाच्याच आवाजात त्याचं नाटकातलं पहिलं वाक्य म्हणालं. शब्द न् शब्द खणखणीत.

नटानं तोंड उघडलं. नुसती लाळ गळली.