पाळण्याच्या तीन चौकटी

आपोआप हलणाऱ्या पाळण्याचं वागणं मी स्क्रीनवर आखत होते. बाळ झोपलंय, रडतंय, आईच्या कुशीत, अशा तीन चौकटी आणि मधे बाण. चाचणी चालवली की चालू अवस्थेची चौकट हिरवी होते. खऱ्या पाळण्याला यातलं काहीच जोडलेलं नव्हतं.

तरी ‘रडतंय’ हिरवी झाली आणि आतल्या खोलीत माझ्या पाच महिन्यांच्या चिऊनं भोकाड पसरलं.

“सर, बाळ रडतंय,” मी फोनवर म्हणाले.

“ते तुमचं रोजचंच आहे, मॅडम. आधी मॉडेल द्या, मग करा काय लाड करायचे ते.”

नोकरी जाईल या भीतीनं मी बसून राहिले. घरात दुसरं कोणी नव्हतं.

‘आईच्या कुशीत’ हिरवी झाली. रडणं थांबलं.

आतून माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, “आले गं राणी. तिला कुठला वेळ!”