थेंब, थेंब, धो

आर्लिस आत्यानं शिट्टी फुंकली आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला प्लॅस्टिकचा पेला सिग्नेच्या हातात दिला.

तळ्याकाठच्या गवतावर पोरं गोल करून बसली होती. खेळ अगदी सोपा. ज्याच्यावर राज्य, त्यानं गोलाबाहेरून फिरायचं, पेल्यात बोट बुडवून एकेकाच्या टाळक्यावर थेंब टाकायचा, 'थेंब' म्हणायचं, आणि मनात येईल त्याच्या डोक्यावर 'धो' म्हणत अख्खा पेला पालथा करायचा. मग पळत सुटायचं. धो व्हायच्या आत जो उठेल तो बाद, आणि बाद झालेल्याला आइस्क्रीम नाही. हा शेवटचा नियम गेल्या वर्षी लीफनं घातला होता.

लीफ म्हणजे आर्लिस आत्याचा मुलगा, सिग्नेहून थोडा मोठा. गेल्या जुलैत त्यानं पेल्यात पाण्याऐवजी बीटच्या लोणच्याचं पाणी भरलं होतं. सिग्नेचा फ्रॉक पांढरा होता. लाइल काकांनी नेमका तेव्हाच फोटो काढला. आणि हॉगस्टाड घराण्याच्या दरवर्षीच्या मेळाव्याची रीतच अशी, की एका वर्षीचा सगळ्यात झकास फोटो पुढच्या वर्षी घरातल्या यच्चयावत माणसांच्या टी-शर्टावर.

त्यामुळे आज तळ्याकाठी जिकडे पाहावं तिकडे सिग्ने रडत होती. आजोबांच्या पोटावर आडवी ताणून रडत होती. तान्ह्या बाळाच्या अंगावर घड्या पडून रडत होती. शेगडीवर सॉसेज भाजणाऱ्या काकांनी तिच्या नाकाला मोहरीची चटणी लावून ठेवली होती. खाली ठळक अक्षरांत ओळ होती: 'हॉगस्टाड – भिजलो तरी हसलो.' एक टी-शर्ट कुत्र्याला घातला होता. एक खुद्द सिग्नेला.

किती गोड आलीय पोरगी, असं सकाळपासून सगळ्या बायका म्हणत होत्या, एकमेकींच्या टी-शर्टांकडे बघून. सिग्नेनं तक्रार केली नव्हती. तिनं फक्त पहिलं राज्य मागून घेतलं होतं.

"थेंब," ती म्हणाली आणि चालू लागली.

लीफ दात काढून बसला होता. सिग्ने मागे आली तशी त्यानं मान आत ओढली. लाइल काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"टाक की," लीफ म्हणाला. "घाबरतो काय मी?"

"थेंब," सिग्ने म्हणाली आणि पुढे गेली.

पुन्हा आली. पुन्हा थेंब. प्रत्येक फेरीला थेंब नेमका कॉलरच्या आत, पाठीच्या कण्यावरून खाली जाईल असा पडत होता. इतरांच्या डोक्यावर ती नुसतं बोट टेकवून जायची. पेला भरलेलाच राहिला. गोलातलं सगळ्यात लहान पोर बसल्या जागी झोपी गेलं. टेबलावर आइस्क्रीमच्या डब्याला घाम फुटला, मग लीफला.

थांबव म्हणून सिग्नेला कोणी सांगितलं नाही. हॉगस्टाडांत कोणाला 'पुरे' म्हणणं शिवी दिल्यासारखं. केकचा शेवटचा तुकडासुद्धा या घरात कोणी उचलत नाही; जो येतो तो त्यातला अर्धा घेतो, आणि संध्याकाळी ताटात चिमणीपुरता केक उरतो. त्यामुळे आत्या एवढंच म्हणाली की सॉसेज निवतायत, अर्थात घाई काही नाही. आजोबा म्हणाले, ऊन जरा जास्तच आहे, म्हणजे तसं ठीकच आहे. सिग्ने दोघांनाही "हो ना" म्हणाली आणि चालत राहिली.

लीफच्या तोंडावरचं हसू अर्धं झालं. मग त्याचंही अर्धं. शेवटी चिमणीपुरतं उरलं.

तेव्हा सिग्ने त्याच्या मागे थांबली. तिनं पेला वर उचलला आणि तिरका केला. पाणी काठाशी आलं. सगळा गोल श्वास रोखून बसला. लीफनं डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत नेले आणि वाट पाहिली.

"थेंब," सिग्ने म्हणाली.

"ओत ना गं एकदाचं!" लीफचा आवाज चिरकला. "बीट आहे ना त्यात? बीटच आहे!"

"पाणीच आहे. तुझ्या आईनं भरलंय."

ती पुढे निघाली. आणि लीफ उठला. कोरड्या ठणठणीत डोक्यावर दोन्ही हात धरून, नाकातून फुगे काढत, जबडा कानापर्यंत फाकवून तो भर मेळाव्यात ओरडला, "आई, ही मला भिजवत नाही!"

कॅमेरा वाजला.

"लीफ उठला," गोलातली एक चिमुरडी म्हणाली. "लीफ बाद. आइस्क्रीम नाही."

सिग्नेनं लाइल काकांकडे पाहिलं. काकांनी कॅमेऱ्यात डोकावून बघितलं, आपल्या बहिणीकडे, म्हणजे लीफच्या आईकडे बघितलं, पुन्हा कॅमेऱ्यात बघितलं. खोटं बोलायचीही या घरात पद्धत नव्हती. चांगला आलाय, ते म्हणाले. खरं म्हणजे फारच चांगला आलाय.

मग सिग्नेनं तो पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत सावकाश पाणी प्यायली. ऊन खरंच जास्त होतं. टी-शर्टाची कड वर घेऊन तिनं स्वतःच्या रडक्या तोंडानं आपलं तोंड पुसलं आणि रिकामा पेला आत्याच्या हातात दिला.

"आत्या, पुढच्या वर्षी खालची ओळ तेवढी बदल हं," ती म्हणाली. "हा भिजलाच नाही."