एकोणीस नंबरचा ठोकळा

मिल्काने एकोणीस नंबरचा मेणाचा ठोकळा उजेडात धरला. आत तुरीच्या डाळीएवढा तुकडा उरला होता, तोही आधीच्या तपासण्यांत कापून कापून एका कापापुरता. राफेलच्या जठराचा. नवरा जाऊन चार वर्षं झाली, पण त्याचा एवढा अंश इथंच, पनवेलच्या या लॅबोरेटरीच्या कपाटात, तिच्या टेबलापासून चार पावलांवर राहिला होता. ती कपाटाकडे पाठ करूनच बसायची. तरी पाठीला तो कळायचा.

त्यांच्या ज्यू समाजात माणूस पुरायचा तो सगळा पुरायचा, मागं काही ठेवायचं नाही. म्हणून आज पर्समध्ये पांढरं धुतलेलं कापड आणलं होतं. ठोकळा त्यात गुंडाळायचा आणि संध्याकाळी कबरीशी नेऊन पुरायचा.

पण प्रधान डॉक्टरांनी पोटाच्या कॅन्सरचे चाळीस जुने ठोकळे काढायला लावले होते. पी फिफ्टी-थ्री नावाचं एक प्रथिन आहे. ठोकळ्यातल्या तुकड्याचा काप रंगवल्यावर ते तपकिरी दिसलं, तर तो पेशंट केमोच्या इंजेक्शनांना दाद देत नाही, असा त्यांचा कयास. त्यांच्यापुढं फक्त नंबर जायचे, नावं मिल्काच्या वहीत. तुकडा फार लहान असेल तर सोडून द्या, असंही ते म्हणाले होते. म्हणजे सोडायला कुणाची आडकाठी नव्हती.

घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच. ऑपरेशननंतर राफेलने एकच धोशा लावला होता, इस्रायलला आदिनाकडे जायचंय, लेकीचं बाळ बघायचंय. मिल्कानेच त्याला अडवलं. आधी सहा इंजेक्शनं, मग विमान. पाचव्यानंतर तो गेला. ती इंजेक्शनं त्याला लागू तरी पडणार होती का, हे ती चार वर्षं स्वतःला विचारत होती, आणि उत्तर या डाळीत होतं. कापला तर पुरायला फक्त मेण उरणार होतं. पुरला तर कधीच कळणार नव्हतं.

शेजारच्या टेबलावरच्या शिवाने, तिच्याइतक्याच जुन्या टेक्निशियनने, वहीतलं नाव वाचलं होतं. त्याने हात पुढं केला.

“बाई, हा मी कापतो.”

“नको. माझ्या हातचा काप पातळ येतो.”

आलाही तसाच, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. कोमट पाण्यावर तरंगला, थोडा थरथरला. जरा दम धरा, असं ती राफेलला प्रत्येक इंजेक्शनाच्या वेळी म्हणायची. आताही तेच तोंडात आलं. मग तिने काप काचेवर अलगद उचलून घेतला.

रंग चढेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले.

“एकोणीस. सगळा तपकिरी. ह्याला इंजेक्शनं दिली काय, न दिली काय, सारखंच. किती जगला हा?”

“सात महिने,” मिल्का म्हणाली. “जायचं राहून गेलं.”

कुठं, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. सात लिहिले आणि काप मात्र सुरेख आलाय म्हणाले.

मिल्का उठून नळाशी गेली. कबरस्तानातून परतताना धुतात तसे तिने हात धुतले, आणि पर्समधलं पांढरं कापड काढून त्याला पुसले.