गोणपाटाच्या पट्ट्या

एकाही खोडाला पट्टी उरली नव्हती. पालझेस हातात काडेपेटी घेऊन बागेच्या मधोमध उभी राहिली.

उन्हाळ्यात तिनेच सफरचंदाच्या झाडांना गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. फळ पोखरून झालं की अळ्या खोडावरून उतरतात आणि अशा घड्यांत दडून बसतात. मग पट्ट्या सोडायच्या आणि अळ्यांसकट जाळायच्या. किडीपायी खिंडीपलीकडचा व्यापारी लडाखी सफरचंदाला हात लावत नव्हता. शेजाऱ्यांनी झाडं तोडून बटाटा लावला होता. यंदाही कीड हटली नाही, तर सासूने लावलेली ही बागही जायची होती.

पट्ट्या बांधून झाल्या, पण जाळायला हात धजेना. तिला सातवा महिना होता. पोटात एक जीव वाढवायचा आणि हाताने इतके जीव जाळायचे, हे तिला सारखं टोचत होतं. आज ती मनाचा हिय्या करून निघाली होती.

पट्ट्या काढून अळ्या सोडून देण्याचं हे काम सासऱ्यांचंच. इशे आबा पाटात पडलेली मुंगीसुद्धा पानावर उचलून काठावर ठेवायचे. सफरचंदात अळी निघाली, की "पाहुणी आली" म्हणत तिला भिंतीपलीकडे सोडून यायचे.

ते ओढ्याकाठी पाठमोरे बसलेले दिसले. पालझेस तरातरा तिकडे गेली.

"सोडल्यात ना सगळ्या अळ्या? आता झाडांवर कुऱ्हाडही तुम्हीच चालवा, आबाले." रागातही आदराचं 'ले' तिने सोडलं नाही.

म्हातारा वळला नाही. "तिथंच थांब, पोरी. धूर लागेल तुला."

तेव्हा तिला दगडांआडचा विस्तव दिसला. पट्ट्यांची राख झाली होती. शेवटचीच काय ती जळत होती. आबांच्या एका हातात जपमाळ होती, दुसऱ्या हातात काटकी. ओठ पुटपुटत होते.

"तुम्ही जाळल्यात?"

"तू दोन जिवांची. तुझ्या हातून नको."

पालझेस त्यांच्याशेजारी खाली बसली. काडेपेटी तिने अंगरख्यात लपवली. तिने विचारलं, "पण आबाले, पाप?"

"लागेल की. पुढच्या जन्मी अळी होऊन याच बागेत येईन." त्यांनी उरलेला तुकडा काटकीने निखाऱ्यात सारला. "तेव्हा मला ओळखू नकोस."