तीन कोटी तीस लाखांचा फरक

एकाच कंपनीची, एकाच वर्षाची दोन कॅश फ्लो पत्रकं अरुंधतीच्या टेबलावर शेजारी शेजारी पडली होती आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. इथल्या नियमांनी केलेल्या पत्रकात धंद्यातून नऊ कोटी चाळीस लाख रोख आल्याचं दिसत होतं. अमेरिकेतल्या मालकांसाठी केलेल्यात सहा कोटी दहा लाख. दोन्ही पत्रकं तिच्या हाताखालच्या जुन्या हिशेबनीसांनी, बळीराम ठवकरांनीच तयार केली होती.

काटोल रोडवरच्या या संत्र्याचा रस काढणाऱ्या कारखान्यात हिशेबप्रमुख म्हणून येऊन अरुंधतीला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ठवकरांना सव्वीस वर्षं. आल्या दिवसापासून तिला त्यांचं काहीतरी खटकत होतं. ड्रॉवर कायम कुलूपबंद. फोन आला की उठून व्हरांड्यात जायचे, हळू आवाजात बोलायचे. आता फरक समोर आल्यावर तिला सगळ्याचा अर्थ लागला.

विचारलं तर माणूस सावध होईल, म्हणून तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठवकर बँकेत गेलेले पाहून तिनं गार्डला बोलावलं आणि चारचौघांदेखत त्यांच्या ड्रॉवरचं कुलूप तोडायला लावलं. आत रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या, बायकोच्या डायलिसिसची फाईल निघाली, थोडी जुनी व्हाउचरं. तरी तिचा संशय हलला नाही. उलट, इलाजाला पैसा लागतोच, असं तिच्या मनात आलं.

ठवकर परतले. तुटकं कुलूप त्यांनी पाहिलं, फाईल नीट लावून ठेवली. तिनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दोन्ही पत्रकं पुढं सरकवली आणि मधले तीन कोटी तीस लाख कुठं गेले ते विचारलं.

त्यांनी चष्मा पुसला. पेन्सिल घेऊन दोन्ही कागदांवर एकेका ओळीला खूण केली.

"हे व्याज आहे मॅडम, बँकेच्या कर्जावरचं. आपल्या इकडं ते कर्जासोबत, खाली धरतात. अमेरिकावाले त्याले रोजच्या धंद्यातच धरतात. पैसा तोच आहे, जागा बदलली फक्त."

मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वर्षअखेरची शिल्लक दोन्हीकडे सारखी होती, अगदी रुपयापर्यंत. अरुंधती तिथवर पोहोचलीच नव्हती. हा नियम तिनं परीक्षेसाठी पाठ केला होता. खात्री करून घेणं माझं कामच आहे, वाईट वाटून घेऊ नका, असं ती कसंबसं म्हणाली.

"मी तर रोज समोरच बसून राहिलो जी," ठवकर म्हणाले. "तुम्ही पहिले झडती घेतली, मंग इचारलं."

संध्याकाळी सहाला सगळे निघाले. ठवकर केबिनमध्ये आले. त्यांनी आपली कापडी पिशवी तिच्या टेबलावर ठेवली, चेन उघडली, जेवणाचा डबा बाहेर काढून त्याचंही झाकण काढलं. ती नको नको म्हणत राहिली. खाली स्टाफची बस हॉर्न देत होती. ठवकर हात मागे बांधून उभे राहिले, ती आत डोकावून पाहीपर्यंत.