बाजाराची वांगी

नवसाबाईंनी आणखी एक किडकं वांगं विळीवर उभं चिरलं, आतली अळी टोकाने कोरून बाहेर काढली आणि उरलेला अर्धा तुकडा पातेल्यातल्या पाण्यात टाकला. समोर भाकरीचं पीठ मळत बसलेल्या सुवर्णाच्या, त्यांच्या सुनेच्या, डोक्यात तिडीक गेली.

तिडीक जायचं कारण पडवीत एकावर एक रचून ठेवलं होतं. क्रेटच्या क्रेट वांगी. जांभळी, चकचकीत, देठ हिरवेगार. पहाटे दोघींनी मिळून तोडलेली, फडक्याने पुसलेली, वर ओलं गोणपाट झाकलेली. लॉकडाऊन लागल्यापासून नाशिकचा भाजीबाजार बंद होता. सुवर्णाचा नवरा कुंदन दोनदा टेम्पो घेऊन गेला आणि दोन्ही वेळा पोलिसांनी त्याला नाक्यावरूनच परत पाठवलं. तरी त्याची आई रोज पहाटे माल तोडायची, निवडायची, क्रेट भरायची आणि बांधावर बसून रस्त्याकडे डोळे लावायची. संध्याकाळी मऊ पडलेली सगळी वांगी शेळ्यांपुढे ओतायची. आणि घरात काय शिजायचं? निवडीत निघालेली वाकडी, भोकाची, अळीची. चांगलं बाजाराला आणि उरलंसुरलं घराला, ही या मळ्याची जुनी रीत होती.

रीत चांगलीच होती हो, पण बाजार होता तोवर! गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. इथं शेळ्यांना वांग्याची चव बरोबर कळली होती आणि माणसं अळ्या कोरत बसली होती.

"आई, पडवीतली घ्या ना चार," सुवर्णा म्हणाली. "चांगली शेळ्या खातात अन् किडकी आपण. कोणी ऐकलं तर हसंल."

"ती बाजाराची हे."

"कुठंय बाजार?"

"उघडंल."

बाजेवर मोबाईल बघत पडलेल्या कुंदनने बिस्किटाच्या पुड्यात हात घातला. "जाऊ दे ना सुवर्णा. पोटात गेल्यावर सगळं सारखंच."

"तुम्ही गप बसा. तुमच्या पोटात सगळंच जातं."

ते खोटं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये घरातल्या भुकेची वाटणीच चुकली होती. मुलाची दुप्पट झाली होती आणि आईची मेली होती. नवसाबाई चतकोर भाकरी मोडायच्या, त्यातली निम्मी ताटातच ठेवायच्या आणि भूक नाय म्हणून उठायच्या. रात्री झोप नाही, दिवसा बोलणं नाही. पूर्वी मनगटात घट्ट बसणाऱ्या बांगड्या हल्ली हात वर केला की कोपरापर्यंत घसरत. सुवर्णा त्यांच्यावर दिवसभर चिडायची, पण त्या रागाखाली खरी भीती होती. ही बाई अशीच वाळत जाईल आणि आपण नुसतं वांग्यावरून भांडत राहू, असं तिला वाटायचं.

पुढचं वांगं चिरलं, तर ते आतून सगळंच काळं निघालं. नवसाबाई त्यातलाही बरा भाग शोधू लागल्या.

सुवर्णाने पिठाचे हात तसेच पदराला पुसले. ती उठली, पडवीत गेली आणि वरच्या क्रेटवरचं गोणपाट ओढून काढलं.

"सुवर्णे, हात नको लावू!" नवसाबाई विळीवरून धडपडत उठल्या. "सांगू राहिले ना, नको लावू!"

"शेळ्यांना घालताना चालतं?"

"शेळ्यांना घातली ती वाया गेली म्हणायची. त्याचं काय नाय. घरात शिजवली म्हंजे..." त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हंजे बाजार मेला, असं आपणच ठरवलं."

सुवर्णाने गोणपाट खाली टाकलं. मग ओच्यात वांगी घेतली. "बाजार नाय मरत, आई. असं खाऊन तुम्ही मराल."

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. पण तोंडातून गेलं ते गेलं. नवसाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

सुवर्णाने देठ ठेवून वांगी चिरली, दाण्याचं कूट आणि काळा मसाला भरला आणि तेलावर सोडली. दिवेलागणीला तिने तिघांची ताटं वाढली. नवसाबाई ताटावर आल्या, पण चेहरा तसाच होता. त्यांनी वांगं बोटांनी उकललं. मसाला बाजूला सारला, आत बघितलं, उलटं केलं, पुन्हा बघितलं. भोक सापडेना. अळीची वाटही सापडेना. कुंदनने मोबाईल खाली ठेवला.

त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. सुवर्णा पुढच्या भांडणाची तयारी करून बसली होती.

"माझं वांगं असं लागतं का गं?" नवसाबाईंनी विचारलं.

त्यांनी तिसरा घास मोडला.

"गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, तुझं वांगं लोण्यावानी हे. मला वाटायचं, भाव पाडायला गोड बोलू राहिलं." त्या ताटाकडे बघत होत्या. "जन्म गेला विकण्यात. मी कधी खाल्लंच नाय."

सुवर्णाचं भांडण जागच्या जागी विरघळलं. डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. ती उगाचच भाकरीचे तुकडे करत राहिली.

बाहेर शेळ्यांनी आरडाओरडा सुरू केला. त्यांची रोजची वेळ टळून गेली होती.

नवसाबाईंनी भरल्या वांग्यांचं पातेलं जवळ ओढलं, दुसरं वांगं आपल्या हाताने ताटात घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "कुंदन, ऊठ. ती किडकी घाल त्यांना."